प्रस्तावना : पाण्यात पाय रोवलेले रान

पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, दोन टेकड्यांमधल्या सपाट खोलगटात, मोजक्या ठिकाणी एक वेगळे जंगल टिकून आहे. आजूबाजूच्या उतारांवरची झाडे निचऱ्याच्या जमिनीत वाढतात. इथली मात्र बारमाही चिखलपाण्यात. झऱ्याचे पाणी एका पात्रात न मावता बुंध्याबुंध्यांमधून पसरते, काळ्या गाळावरून आणि कुजत्या पाचोळ्याखालून झिरपत जाते आणि खालच्या अंगाला पुन्हा एकवटून व्हाळ होऊन वाहू लागते. वनस्पतिशास्त्रात या रानाला ‘मिरिस्टिका स्वॅम्प’ म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या जायफळाच्या कुळातली झाडे इथे मुख्य असल्यामुळे या पुस्तकात आम्ही त्याला ‘जायफळी दलदल’ म्हटले आहे.

पहिल्यांदाच इथे येणाऱ्याची नजर आधी मुळांवर जाते. ‘जिम्नाक्रँथेरा’ या झाडाची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. एकेका झाडाभोवती अशा बाकांचे जाळेच पसरलेले असते. शेजारच्या ‘मिरिस्टिका मॅग्निफिका’चा बुंधा जमिनीपासून बराच वर सुरू होतो आणि त्याला चहूबाजूंनी तिरकी आधारमुळे टेकू देत असतात. या रचनेमागे जगण्याची निकड आहे. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे सामान्य झाडाची मुळे तिथे गुदमरून मरतात. गुडघ्यांसारख्या वाकलेल्या या मुळांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा आत शिरते आणि चिखलात बुडालेल्या मुळांपर्यंत पोचते. फांदीला जखम झाली की लालभडक चीक गळतो. फळ उकलले की काळपट बियेभोवती जायपत्रीसारखे लाल आवरण दिसते, आणि त्यासाठी धनेश व मोठी रानकबुतरे येतात. ती बी गिळतात, आवरण पचवतात आणि बी दुसरीकडे टाकतात. या बियांना सुकणे मानवत नाही. त्या साठवून ठेवता येत नाहीत. थोड्याच दिवसांत ओल्या जागी रुजल्या नाहीत तर मरतात. शिवाय नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. तुकडा लहान होत गेला आणि त्यात एकाच जातीच्या झाडांपैकी फक्त नर किंवा फक्त माद्या उरल्या, तर रान हिरवेगार दिसत असूनही त्याचा वंश थांबलेला असतो.

हा तपशील सुरुवातीलाच मांडला, कारण पुस्तकाचे मुख्य म्हणणे त्यातच आहे. हे रान म्हणजे झाडे आणि पाणी यांची एकच व्यवस्था आहे. आपल्या कारभाराने मात्र ती दोन खात्यांत वाटून टाकली आहे. जंगलाच्या नकाशावर तिची नोंद ‘वन’ अशी होते, आणि तिथले पाणी कुणी मोजत नाही. पाणथळींच्या नकाशावर ती बहुधा दिसतच नाही, कारण उपग्रहाच्या डोळ्याला वरून फक्त पानांचे छत दिसते आणि खालचे पाणी झाकलेले राहते. त्यातच राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून लहान जागा केवळ ठिपक्याने दाखवल्या जातात, आणि आपल्या बहुतेक दलदली लहानच आहेत. नकाशात जे नीट दिसत नाही ते आराखड्यातूनही सुटते.

वृक्षाच्छादित पाणथळींचा एकूण पसारा मोठा आहे आणि नव्या वाचकाने तो एकदा डोळ्यांखालून घालावा. समुद्राच्या भरती-ओहोटीत वाढणारी कांदळवने हा त्यातला सर्वांत परिचित प्रकार. आग्नेय आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या पीट दलदलींत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचत आले आहेत. काँगो नदीच्या खोऱ्यातल्या अशा दलदलींचा पहिला मोठा नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,४५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि सुमारे ३० अब्ज टन कार्बन असल्याचे दिसून आले. ॲमेझॉनच्या काठची पूरवने वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली असतात. भारतात सुंदरबनापासून तराईतल्या दलदलींपर्यंत अनेक प्रकार आहेत. गोड्या पाण्यातली, सदाहरित आणि मुख्यतः जायफळ कुळातल्या झाडांची दलदल मात्र प्रामुख्याने पश्चिम घाटात आढळते. या प्रदेशाबाहेर न आढळणारी अनेक झाडे तिच्यात आहेत, आणि फुलझाडांच्या अतिशय जुन्या शाखांपैकी एक तिने जपली आहे.

या रानांचा शास्त्रीय अभ्यास वनाधिकाऱ्यांनी सुरू केला. एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांचे वर्गीकरण मांडले. कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोरच्या सदाहरित जंगलातल्या जायफळी दलदलींचे वर्णन केले. पुढे चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांच्या १९६८ च्या सुधारित वर्गीकरणात किनारी व दलदली जंगलांच्या गटात या प्रकाराला स्वतंत्र क्रमांक मिळाला. ही पहिली विचारधारा. ती रानाकडे एक ‘प्रकार’ म्हणून पाहते : कोणती झाडे, किती उंच, कोणत्या मातीत. तिने या रानाला नाव आणि जागा दिली, हे तिचे ऋण मोठे आहे. मात्र रानाच्या वरच्या अंगाचा झरा आणि खालच्या अंगाचे गाव तिच्या चौकटीबाहेर राहिले.

दुसरी विचारधारा वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासकांची. तिने या तुकड्यांना प्राचीन ओलसर जंगलांचे अवशेष मानून तिथे दुर्मीळ जातींचा शोध घेतला. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दापूरजवळच्या कत्तलेकान इथून ‘सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस’ या बिब्ब्याच्या कुळातल्या झाडाची २००० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली. त्याच परिसरात ‘मधुका बोर्डिलोनी’ आणि ‘सिझिजियम त्रावणकोरिकम’ ही अतिसंकटग्रस्त झाडे सापडल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. ही दोन्ही झाडे तोवर दूर दक्षिणेकडची मानली जात होती. केरळच्या दलदलींतून २०१३ मध्ये बेडकाची एक नवी जात तर मिळालीच, पण तिच्यासाठी नवी प्रजातीही निर्माण करावी लागली. इतक्या लहान जागेत इतके काही अजून नव्याने सापडते, यावरून या रानांची श्रीमंती समजते आणि त्यांच्याकडे किती काळ दुर्लक्ष झाले तेही कळते.

तिसरी विचारधारा महाराष्ट्राच्या वाचकाला सर्वांत जवळची वाटेल. पुण्यात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास हाती घेतला आणि १९७६ मध्ये पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जंगल कोणत्या सामाजिक नियमांमुळे टिकले, हा प्रश्न त्यांनी विज्ञानाच्या मध्यभागी आणून ठेवला. कर्नाटकात एम. डी. सुभाषचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा दलदलींपर्यंत नेला आणि गावाने देवाच्या नावाने राखलेली राने आणि तिथले बारमाही झरे यांचा संबंध दाखवला. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथल्या निरंकाराच्या राईचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले ते तिथल्या विलक्षण हवाई मुळांमुळे. ती राईही जायफळी दलदल आहे.

महाराष्ट्रात अशी दलदल असल्याची नोंद व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे भालांदेश्वराच्या राईत ती सापडली. ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या निबंधात तिची पश्चिम घाटातली सर्वांत उत्तरेकडची जायफळी दलदल म्हणून नोंद झाली. २०२१ मध्ये जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. त्याच वर्षी जवळच्या आंबोलीत हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाच्या अधिवासालाही हाच दर्जा मिळाला. दोन्ही ठिकाणी पाणी उगमाशी आहे, दोन्ही ठिकाणी देव आहे, आणि दोन्ही जागा गावाने शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून राखल्या आहेत.

ही राने इतकी थोडी का उरली, याचे उत्तर त्यांच्या जागेतच आहे. सपाट जमीन, काळा गाळ, बारमाही पाणी : डोंगराळ मुलखात शेतकऱ्याला हवी असते नेमकी तीच जमीन. चढउताराच्या गावात भाताचा मळा करायचा तर तो इथेच होणार. पोफळीची बाग लावायची तर पाटाचे पाणी इथूनच मिळणार. केरळ आणि कर्नाटकात दलदली शेकडो वर्षे भातखाचरांत आणि सुपारीच्या बागांत बदलत गेल्या. पोट भरण्यासाठी ज्यांनी खाचरे केली त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकात मात्र या बदलाला वेगळाच वेग आला. सदाहरित जंगल तोडून साग आणि निलगिरीची लागवड झाली. मोठ्या धरणांच्या जलाशयांखाली नदीखोऱ्यांतली सखल राने गेली. डोंगरउतारावर रबर पसरले. केरळ वन संशोधन संस्थेच्या पाहणीत दक्षिण केरळमधल्या सगळ्या दलदली मिळून सुमारे दीड चौरस किलोमीटरच भरल्या, आणि त्याही साठेक तुकड्यांत विखुरलेल्या.

या नाशाची एक मूक रीतही आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. दलदल संपवायला कुऱ्हाड लागत नाही. झऱ्याच्या मुखाशी पाइप लावून पाणी बागेत वळवले, वरच्या उतारावर जेसीबीने चर मारला, किंवा रस्त्याखालची मोरी चुकीच्या पातळीवर बसवली, तरी पुरे. मोठी झाडे त्यानंतरही काही वर्षे उभी राहतात, फुलतात, फळतात. पण एप्रिल-मेमध्ये गाळ वाळून भेगाळतो, नवी रोपे जळतात आणि त्यांच्या जागी उतारावरची कोरडवाहू झाडे शिरतात. दहा वर्षांनी पाहणी करणाऱ्याला तिथे जंगल दिसते, वृक्षगणनेत आकडाही कमी होत नाही, पण दलदल संपलेली असते. म्हणूनच फक्त ‘झाडे तोडू नका’ असे सांगणारे संरक्षण इथे अपुरे पडते.

कांदळवनांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. मुंबई आणि ठाण्याच्या खाड्यांतली कांदळवनेही बराच काळ पडीक चिखल समजून भरावाखाली गाडली गेली. पण त्यांच्यासाठी लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यावर बंदी घातली आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण पक्के झाले. २०१२ मध्ये महाराष्ट्राने कांदळवनांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कक्ष स्थापन केला, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्यातली कांदळवने ३२४ चौरस किलोमीटर नोंदली आहेत. लढाई अजून संपलेली नाही, पण लढायला कायदा आहे, खाते आहे, मोजमाप आहे आणि जागी झालेली जनता आहे. गोड्या पाण्यातल्या दलदलीजवळ यांतले जवळजवळ काहीच नाही. ५० मीटरांचा पट्टा तिच्यासाठी तितकासा उपयोगाचाही नाही, कारण तिचे पाणी त्याच्या पलीकडून, अख्ख्या टेकडीतून येते.

आजच्या कायद्याचे गाडे इथेच अडते. भारताने १९८२ मध्ये पाणथळींच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय रामसर करार स्वीकारला. २०१० मध्ये पाणथळ संवर्धनाचे नियम आले आणि २०१७ मध्ये ते बदलले. नव्या नियमांनी वन आणि वन्यजीव कायद्याखालच्या क्षेत्रांतल्या पाणथळी त्याच कायद्यांवर सोपवल्या. कागदावर हे सोयीचे दिसते. प्रत्यक्षात वन कायदा झाडांचा विचार करतो, आणि रानाच्या हद्दीबाहेर उगमाशी पाणी वळवले गेले तर त्याला फारसे काही करता येत नाही. वारसा स्थळाचा दर्जा हे मोठे पाऊल आहे, कारण त्यात गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला स्थान आहे. पण तोही दर्जा ठरावीक गट क्रमांकातल्या ठरावीक क्षेत्राला मिळतो. २.५९ हेक्टरांना संरक्षण मिळाले. त्यांना पाणी पुरवणारा उतार बाहेरच राहिला, तर ते संरक्षण अर्धेच आहे.

मग ही राने आजवर कोणी राखली? गावाने राखली, आणि तीही झाड व पाणी वेगळे न करता. सिंधुदुर्गातल्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत कारभारात, राई देवाची, तिथला झरा देवाचा, आणि त्या झऱ्याखालची वायंगणी (उन्हाळी भाताची) शेती गावाची. राईतली सुकी काटकीही बाहेर न्यायची नाही, उगमाशी कपडे धुवायचे नाहीत, आणि काही बदल करायचाच तर मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घालून देवाचा कौल घ्यायचा. पाणी कोणाच्या बागेत कधी जाणार, याच्या पाळ्या ठरलेल्या. या नियमांमागे श्रद्धा होती, तसेच खालच्या शेताला मेपर्यंत पाणी मिळाले पाहिजे ही रोखठोक गरजही होती. अशी व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. तिच्यात मानपान होते, जातीची उतरंड होती, आणि अनेक गावांत स्त्रियांना राईत प्रवेश नव्हता. आज जमिनी विकल्या जात आहेत, तरुण गोव्यात आणि मुंबईत कामाला आहेत, मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडे तोडली जातात. जुने नियम जसेच्या तसे परत आणता येणार नाहीत. त्यांचे मूळ तत्त्व मात्र नव्या संस्थांनी घेतलेच पाहिजे : राखायचे ते झाडासह पाणी, आणि राखणारे ते जे त्या पाण्यावर जगतात.

हा विषय आज तातडीचा होण्याची कारणे याच भूमीत आहेत. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये अनेक वाड्यांना पाण्याची वाट पाहावी लागते. पाऊस आता कमी दिवसांत आणि जास्त जोराने कोसळू लागला आहे. अशा वेळी पाणी धरून ठेवून सावकाश सोडणारी जागा ही गावाची खरी ठेव असते. दोडामार्गच्या डोंगरांवर नैसर्गिक रान तोडून रबर आणि अननसाच्या बागा उभ्या राहिल्या. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली, तरी तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. त्याच तालुक्यात कळणे इथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलपाणी लोकांच्या घरांत आणि बागायतींत शिरले. डोंगराच्या पोटातली पाण्याची वाट एकदा मोडली की काय होते, हे त्या गावाने सोसले आहे. २०२० मध्ये तिलारीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर वनक्षेत्र संवर्धन राखीव घोषित झाले ही आशेची बाजू. पण ते राखीव क्षेत्र आणि आजूबाजूच्या खासगी जमिनींवरचे झरे यांना जोडणारा विचार अजून व्हायचा आहे.

जगाच्या अनुभवानेही हेच शिकवले आहे. इंडोनेशियाने १९९० च्या दशकात मध्य कालीमंतानमधल्या सुमारे दहा लाख हेक्टर पीट दलदलीत भात पिकवण्यासाठी कालवे खोदले. भात पिकला नाही, दलदल वाळली आणि १९९७ च्या आगींत ती धुमसत राहिली. आता तिथेच ते कालवे बुजवून पाणी परत आणण्याचे काम चालते. जगभर पुनरुज्जीवनाचा पहिला धडा हाच आहे : आधी पाणी परत आणा, मग रोप लावा. आपल्याकडे वृक्षारोपण हा सोहळा होऊन बसला आहे. हा क्रम आपण शिकायला हवा. ज्यांच्या बिया साठवता येत नाहीत अशा झाडांची रोपवाटिका त्याच खोऱ्यात, बी पडण्याच्या हंगामातच, तिथल्या माणसांच्या हातून व्हावी लागते. हजार खड्डे आणि दुरून आणलेली हजार रोपे तिथे कामाची नाहीत.

आता या पुस्तकाविषयी. दक्षिण केरळपासून दोडामार्गपर्यंतच्या जायफळी दलदलींचा एकत्र विचार मराठीत व्हावा, एवढ्या इच्छेने ते आकाराला आले. वनस्पतिशास्त्र, जलविज्ञान, गावऱ्हाटीचा इतिहास आणि कायदा या चारही बाजू एकाच खोऱ्यावर रोखून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. लिहिताना डोळ्यांपुढे तीन वाचक होते : जीवशास्त्राचा विद्यार्थी, ग्रामपंचायतीचा सदस्य आणि पोफळीचा बागायतदार. तिघांनाही पुस्तक समजले पाहिजे, म्हणून परिभाषा शक्य तिथे कोकणातल्या वापरातली घेतली आहे. बागायतदाराला इथे कुठेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. झऱ्याचे पाणी वाटून घेण्याची खरी विद्या त्याच्याकडे आहे आणि त्याच्याशिवाय यातले एकही रान वाचणार नाही. अतिदुर्मीळ झाडांच्या नेमक्या जागा मात्र पुस्तकात जाणूनबुजून दिलेल्या नाहीत. त्या माहितीवर पहिला हक्क त्या गावांचा आहे.

हे पुस्तक अंतिम शब्द असल्याचा दावा करत नाही. महाराष्ट्रातली पहिली दलदल नोंदली जाऊन अजून फार वर्षे झालेली नाहीत, आणि राजापूरपासून दोडामार्गपर्यंतच्या किती राया कोणी त्या नजरेने पाहिल्याच नाहीत. म्हणून वाचकांकडे एक ठोस मागणी आहे. आपल्या गावात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही वाहणारे झरे कोणते, त्यांच्या वरच्या उतारावर काय आहे, झऱ्याकाठी कोणती झाडे आहेत आणि पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात, एवढे लिहून काढा आणि गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ते चढवून घ्या. ती नोंद कायद्याच्या कामी येते. एखादा रस्ता, खाण किंवा बाग आखली जाते तेव्हा ‘इथे काहीच नाही’ असे म्हणणाऱ्याला गाव त्या पानावर बोट ठेवून उत्तर देऊ शकते. दलदलींचे संरक्षण त्या पानापासून सुरू होईल, आणि पुढचे पुस्तक लिहायला आमच्यापेक्षा ती गावे अधिक पात्र असतील.